परतीची तारीख

माझा आठवडा शनिवारी संध्याकाळी सुरू होतो. पतपेढीतून सुटले की घरी न जाता मी वाचनालयात जाते, हातातलं पुस्तक देते, दुसरं घेते. त्या रात्री पहिली वीस पानं होतात. पुढचे सात दिवस त्या पुस्तकाच्या सोबतीनं जातात.

आमच्याकडे कुणी पुस्तक ‘आणायला’ जात नाही. ‘बदलायला’ जातो. बदलायला जाणाऱ्याच्या हातात काहीतरी असावं लागतं. वाचनालयाच्या खिडकीवर पाटी आहे : देवघेव विभाग. या शब्दात देणं आधी आहे, घेणं मागून येतं. तीस वर्षं त्या पाटीखाली उभी राहून मला एवढं नक्की कळलं आहे की तो क्रम बरोबर आहे.

आमचं गाव तालुक्याचं, खाडीच्या काठचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेलं नगर वाचनालय १८२८ सालचं. कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला १९९८ साली. म्हणजे गाडीच्या एकशे सत्तर वर्षं आधी इथे वाचनालय आलं. आमच्या गावातलं इतकं जुनं नाही. जांभ्याच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, पडवीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल, आत कुलूपबंद कपाटं. अठरा हजार पुस्तकं. सकाळी पडवीत म्हातारी माणसं पेपर वाचतात, संध्याकाळी पाच ते आठ पुस्तकं बदलली जातात. सोमवारी बंद.

मी कॅशिअर आहे. दिवसभर नोटा मोजते. मोजताना नोट वाचायची नसते. आकडा बघायचा, खरी-खोटी बघायची, बोट पुढे सरकवायचं. रात्री तीच बोटं पान धरतात तेव्हा त्यांना घाई सोडायला वेळ लागतो. पहिली दोन पानं मी वाचत नसतेच, हात शांत होत असतो. तिसऱ्या पानावर वाक्य ऐकू येऊ लागतं. पुस्तकात मन लागत नाही म्हणणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते की पहिल्या दोन पानांवर निकाल देऊ नका. ती पुस्तकाची पानं नसतात, तुमच्या दिवसाची असतात.

काउंटरवर ओला स्पंज असतो. पुस्तकापुढे तो चालत नाही. जुन्या पुस्तकांच्या पानांचे खालचे कोपरे पाहावेत : काळपट, मऊ, झिजून गोल झालेले. बोटाला थुंकी लावून उलटलेली ती पानं आहेत. वाचनाचंही झिजवणं असतं. ते कमीत कमी व्हावं, पुढच्याला पान अख्खं मिळावं, एवढी काळजी वाचणाऱ्यानं घ्यायलाच हवी.

*

वाचनाचा हिशेब मी आयुष्यात एकदाच मांडला. रोज सरासरी २० पानं. आठवड्याची १४०. वर्षाची ७,२८०. पुस्तक साधारण २६० पानांचं धरलं तर वर्षाला २८ पुस्तकं. वाचती चाळीस वर्षं धरली तर १,१२०. आमच्या वाचनालयात अठरा हजार आहेत. एका लहान गावातल्या एका दालनाचा सोळावा हिस्साही एका जन्मात वाचून होत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे त्याच आकड्यानं मोकळं केलं. सगळं वाचून होणार नाही हे एकदा मान्य झालं की काय वाचायचं ते नीट ठरवता येतं. पन्नास पानांत जे पुस्तक बोलू लागत नाही ते मी शनिवारची वाट न बघता परत करते. यात लेखकाचा अपमान नाही. ते दुसऱ्या कुणाशी बोलणार असेल. त्याला माझ्या उशाशी अडकवून का ठेवायचं?

तरी दर दोन-तीन वर्षांनी मी एखादं जुनं पुस्तक पुन्हा आणते. एक पुन्हा वाचलं की एक नवं कायमचं राहिलं. हिशेबाच्या दृष्टीनं हा सरळ तोटा आहे. पण पहिल्या वाचनात आपण गोष्टीच्या मागे धावतो. दुसऱ्या वेळी गोष्ट ठाऊक असते, म्हणून माणसं दिसतात. दाराशी उभी राहून एकच वाक्य बोललेली मोलकरीण मला तिसऱ्या वाचनात दिसली. त्या कादंबरीतली सगळ्यांत शहाणी बाई तीच होती.

*

पुस्तक हातात आलं की मी आधी मागून उघडते. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. एका कवितासंग्रहाच्या चिठ्ठीवर १९८७ च्या जुलैनंतर एकदम २००३ चा ऑक्टोबर होता. सोळा वर्षं तो कुणी उघडला नव्हता. मग त्या ऑक्टोबरात कुणीतरी यादीतून त्याचं नाव काढलं. त्यानंतर पाठोपाठ चार तारखा. एकाच माणसानं तो चार वेळा नेला, की वाचून चौघांना सांगितलं, हे चिठ्ठीवरून कळत नाही. दोन्ही गोष्टी मला सारख्याच मोलाच्या वाटतात.

पानांत माणसं सापडतात. एस.टी.चं तिकीट. वाळलेला सुरंगीचा वळेसर, वास गेलेला. हळदीचं बोट. हळदीच्या बोटावरून समजतं की ते पान फोडणी आणि आमटी यांच्या मधल्या वेळात वाचलं आहे. तिथे मी क्षणभर थांबते. बाईच्या वाचनाला वेळ दिलेला नसतो. तिनं तो कामाच्या फटीतून काढलेला असतो.

एका कादंबरीत नवऱ्याशी भांडण झालेली बाई मागच्या दाराला कडी घालून पायरीवर बसते, एवढाच प्रसंग होता. समासात पेन्सिलीनं एक शब्द : ‘असंच’. पुस्तकावर लिहू नये हा नियम योग्य आहे, मी तो पाळते. पण त्या तीन अक्षरांनी मला एका वाईट रात्री सोबत केली. ती बाई कोण, कुठल्या आळीतली, आज आहे की नाही, मला माहीत नाही. माहीत करून घ्यावं असं वाटलंही नाही.

*

बुधवारी आमच्या गावात आठवडी बाजार भरतो. खेड्यांतून माणसं येतात, काजूचे, भाजीचे, मासळीचे पैसे येतात, पतपेढीपुढे रांग लागते. त्या रात्री पाच पानं झाली तर झाली. पूर्वी मला याचं फार वाईट वाटे. बुधवारी पुस्तकाला फसवलं, असं मनात येई. माहेरच्या एका पोथीनं ती रुखरुख घालवली.

माझे आजोबा मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आधी, गुरुचरित्राचा सप्ताह करत. आठवड्याचं माप वाचनाला लावायची रीत मराठीत नवी नाही. ‘सप्ताह’ म्हटलं की आपल्याला आधी वाचनच आठवतं. सात दिवसांत पोथी पुरी करायची तर कुठे थांबायचं, याच्या वाटण्या ठरलेल्या आहेत. आजोबा पाळत ती अशी : पहिल्या दिवशी ९ अध्यायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी २१, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. नीट बघितलं तर दुसऱ्या दिवशी बारा अध्याय येतात आणि पाचव्या दिवशी तीनच. त्या तिनांतला छत्तिसावा अध्याय फार मोठा आहे. ज्यांनी ही वाटणी घातली त्यांनी पोथीचे सात सारखे तुकडे केले नाहीत. वाचणाऱ्याचा घसा, त्याची बैठक, मजकुराचं वजन त्यांनी जाणलं होतं. पोथीच्या आठवड्यात जर एक दिवस तीन अध्यायांचा असू शकतो, तर माझ्या आठवड्यात एक दिवस पाच पानांचा का असू नये?

आजी पोथी वाचत नसे. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा दंडक होता, आणि तिला अक्षरओळखही नव्हती. ती भिंतीला टेकून ऐके. पहाटेच्या थंडीत आजोबांच्या डोळ्यांवर झापड येऊन ओवी सुटली की आजी खाकरे. आजोबा मागे जात, सुटलेली ओवी वाचत, पुढे जात. चाळीस वर्षं त्या घरात पोथी कुणाच्या ध्यानात होती, हे मला लहानपणीच कळलं होतं.

तो दंडक चुकीचा होता. आजोबा सज्जन होते, आजी तृप्त होती, तरी चुकीचाच होता. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. लिहिणं-वाचणं शिकताना घरातल्या बायकांचाच किती विरोध सोसावा लागला, ते त्यांनी त्यात लिहून ठेवलं आहे. आज मी रात्री अकरा वाजता दिवा लावून पुस्तक उघडते आणि घरात कुणी हूं की चूं करत नाही. हा दिवा फुकट लागलेला नाही. माझ्या खात्यावर कुणीतरी आधीच भरणा करून ठेवला आहे.

*

रविवारची दुपार माझी नाही, सासूबाईंची आहे.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं होतं, “अगो, येत्येस का माझ्याबरोबर? पुस्तक बदलायचंय.” नव्या घरात मला कुणी दिलेलं ते पहिलं आमंत्रण. आजचं माझं सभासदकार्ड मूळ त्यांचंच. नाव बदललं, क्रमांक तोच ठेवला. आठवड्याला त्या दोन पुस्तकं वाचत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा गेला. माणूस समोर आला तर सावली दिसते, अक्षर दिसत नाही. पहिले दोन महिने त्या पुस्तक नुसतं मांडीवर घेऊन बसत. मग एका रविवारी मी त्यांच्या मांडीवरचं उचललं आणि मोठ्यानं वाचायला लागले. तेव्हापासून रविवारी तीन ते पाच आम्ही दोघी ओटीवर असतो.

मनातल्या मनात वाचणं आणि मोठ्यानं वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. मनात वाचताना डोळा लांब वर्णनं, अवघड नावं, कंटाळ्याच्या जागा ओलांडून जातो, आणि ओलांडल्याचं आपल्याला कळतही नाही. मोठ्यानं वाचताना प्रत्येक शब्दाचं देणं भागवावं लागतं. त्यात लेखकाचीही परीक्षा होते. ओढूनताणून आणलेलं वाक्य जिभेवर अडखळतं. ज्याला बोलणं ऐकू येतं त्याचं वाक्य मात्र आपल्या आपण श्वासाच्या जागी थांबतं. कित्येक नावाजलेली पुस्तकं आमच्या ओटीवर टिकली नाहीत. कित्येक साधी टिकली.

दोन तासांत पंचवीस पानं होतात. रात्री एकटीनं वाचते त्याच्या निम्म्या वेगानंसुद्धा नाही. पण सासूबाई मध्येच हात वर करतात. “थांब. परत वाच.” मी परत वाचते. बहुतेक वेळा ते वाक्य माझ्या तोंडून गेलेलं असतं, कानावर पडलेलं नसतं. त्यांच्या थांबवण्यानं मला वाचायला शिकवलं, तेही पन्नाशीनंतर.

गेल्या वर्षी आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ लावली. सासूबाईंनी ती तरुणपणी वाचली होती. पुन्हा हवी होती. त्यांचे यजमान टिळक आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. लक्ष्मीबाईंना लग्न झालं तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या नवऱ्याकडून शिकल्या. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पाच वर्षांनी, आपल्या विचारानं, त्याही ख्रिस्ती झाल्या. पुस्तकाचा पहिला भाग निघाला १९३४ साली. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. अखेरचं राहिलेलं त्यांच्या मुलानं, देवदत्तांनी, पुरं केलं. ज्या बाईला अक्षर उशिरा मिळालं तिनं मराठीतलं सर्वांत सरळ गद्य लिहिलं, असं माझं मत आहे. मोठ्यानं वाचून बघावं. कुठे जीभ अडखळत नाही.

सोवळं सुटत गेल्याच्या जागेवर आम्ही आलो. सासूबाईंनी जन्मभर सोवळं पाळलेलं आहे. मी सावकाश वाचत होते. त्या काही बोलल्या नाहीत. प्रकरण संपलं, बराच वेळ गेला, माडावरून एक झावळी पडली. मग म्हणाल्या, “हिनं खरं लिहिलंन्.” पटलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. खरं लिहिलं, असं म्हणाल्या. वाचणारा आणि न पटणारं पुस्तक यांच्यात याहून मोठा व्यवहार मी पाहिलेला नाही.

*

‘स्मृतिचित्रे’चा जुना चार भागांचा संच आमच्या वाचनालयात आहे. दुसरा भाग संपला. शनिवारी मी तिसरा मागितला. कपाटात तो नव्हता. पहिला, दुसरा, चौथा. मध्ये दोन बोटं रुंद फट.

तीन रविवार ओटी गप्प राहिली. दुसरं काही वाचू का विचारलं तर त्या नको म्हणाल्या. दर शनिवारी मी घरात पाऊल टाकलं की आतून प्रश्न येई, “तिसरा आला का?” एकत्र छापलेली आवृत्ती बाजारात मिळते. ती मागवली, चौथ्या रविवारी वाचन पुढे गेलं, पुस्तक पुरं झालं. पण कपाटातली ती फट माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही.

*

मुलगी सात वर्षांची असताना तिला रोज रात्री ‘श्यामची आई’ वाचून दाखवली. साने गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. ४२ रात्री, रोज एक धरली तर बरोबर सहा आठवडे. आम्हाला नऊ लागले. तिला ताप आला, बाजार आला, गणपती आले, पाहुणे आले. काही रात्री तिनं लागोपाठ दोनदा वाचायला लावल्या. काही ठिकाणी माझा आवाज गेला आणि तिनं माझ्या हातातून पुस्तक घेऊन, अक्षर लावत, पुढची ओळ स्वतः वाचली. त्या रात्री घरात एक वाचक वाढला. मे महिन्यात आम्ही दोघी एस.टी.नं पालगडला गेलो. गुरुजींचं गाव आमच्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. तिला पुस्तकातला रस्ता पायाखाली घालून बघायचा होता.

आता ती पुण्याला असते, फोनवर वाचते. मला त्यात काही वावगं दिसत नाही. माझ्या डोळ्यांना ते जमत नाही, एवढंच.

*

कोकणातला पाऊस पुस्तकांना सोसत नाही. जून ते सप्टेंबर पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते, पानं फुगतात, शिवण सैल होते. कसर बांधणीची खळ खाते. वाळवी सगळ्यांत वाईट. ती भिंतीतून येते, बाहेरून पुस्तक धडधाकट दिसतं, उचललं की हलकं लागतं, उघडलं की आत माती.

म्हणून नवरात्रात आकाश निवळलं की एका रविवारी वाचनालयाच्या मागच्या खळ्यात सतरंज्या पसरतात. आम्ही सात-आठ सभासद सकाळी सातला जातो. पुस्तकं उभी, पानं थोडी उघडी, अशी उन्हात मांडायची. कोवळं ऊन तेवढं द्यायचं. दहाच्या पुढे सगळी पडवीत आणायची, कारण कडक उन्हात कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. तोवर कपाटं पुसून कोपऱ्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायचा. एका दिवसात दोन कपाटं व्हायला हवीत. एकच होतं. हातात आलेलं पुस्तक उघडलं जातं, उघडलेलं वाचलं जातं. कुणी कुणाला हटकत नाही. दुपारी डबे सुटतात, आणि कुणीतरी घास हातात ठेवून बाकीच्यांना एक परिच्छेद वाचून दाखवतं.

वर्षभर आम्ही यादीत बघून, खिडकीतून मागून पुस्तकं घेतो. जे माहीत आहे तेच मागता येतं. उन्हाच्या दिवशी मात्र न मागितलेली पुस्तकं समोर पसरलेली असतात : सुतारकामाचं, आंब्याच्या कलमांचं, बाळंतिणीच्या आहाराचं, कुण्या वैद्याचं, कुण्या मामलेदाराचं आत्मचरित्र. अशा एका दिवशी मला विहीर खणण्यावरचं एक पुस्तक सापडलं. जांभ्याचे थर, पाण्याची झीर ओळखण्याच्या खुणा, पहार चालवणाऱ्याच्या जिवाला असलेले धोके. विहीर मला कधी खणायची नव्हती. ते पुस्तक मी दोनदा नेलं. आपल्याला काय आवडतं हे आपल्याला पुरतं ठाऊक असतं, हा समज त्या दिवसानंतर मी सोडून दिला.

दिवाळीनंतर अंक सुरू होतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी फेब्रुवारीपर्यंत चालते. अंक दोन दिवसांत परत द्यायचा असतो. मागे रांग असते. त्या महिन्यांत माझा आठवडा मोडतो, आणि शिमगा आला की पूर्ववत होतो.

*

घरात माझी स्वतःची एकशे दहा पुस्तकं आहेत. त्यांतली तीसेक न वाचलेली. चांगली आहेत, निवडून घेतलेली आहेत, पैसे मोजलेले आहेत. तरी ती राहतात, आणि वाचनालयाची वाचून होतात. मी बराच विचार केला. कारण एकच दिसतं : माझ्या पुस्तकांवर तारीख नाही. आपल्या मालकीच्या वस्तूला आपण उद्या देतो. परत द्यायच्या वस्तूला आज द्यावा लागतो.

परतीची तारीख मला धाक वाटत नाही. ती मला सांगते की या पुस्तकाच्या एका बाजूला कुणी होतं आणि दुसऱ्या बाजूला कुणी येणार आहे. मी मध्ये आहे, सात दिवसांपुरती. वाचताना माणूस एकटा असतो असं म्हणतात. विकतच्या पुस्तकापुरतं ते खरं असेल. वाचनालयाचं पुस्तक रांगेत उभं राहून वाचलं जातं.

ही रांग लहान होत चालली आहे, हे मी लपवणार नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. त्याप्रमाणे गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. ते अनुदान पगार, वीज, कौलं, नवी पुस्तकं या सगळ्याला पुरत नाही. आमच्या ग्रंथपालबाई वीस वर्षं त्या खिडकीत आहेत. गावातल्या कोणत्या घरात काय वाचलं जातं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही, आणि त्यांना मिळतो तो पगार सांगायला मला संकोच वाटतो. शाळेला इमारत हवी, दवाखान्याला डॉक्टर हवा, हे आपण जोरानं मागतो. वाचनालयासाठी तसा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. महिन्याची वर्गणी तीस रुपये आहे. एका वडापावाच्या प्लेटइतकी.

*

तिसऱ्या भागाची गोष्ट राहिली.

‘स्मृतिचित्रे’ संपल्यावर एका शनिवारी मी ग्रंथपालबाईंना विचारलं. त्यांनी जुनी देवघेव वही काढली. बाइंडिंग सुटलेलं, पानांच्या कडा करवतल्यासारख्या. शोधायला अर्धा तास लागला. १९९४ चा जून, तारीख ११, शनिवार. दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, नेणाऱ्याची सही. जमेच्या रकान्यात काही नाही. बाईंनी नावावर हात ठेवला आणि वही मिटली. मीही विचारलं नाही.

मला त्या माणसाचा राग येत नाही. त्या आठवड्यात घरात कुणी आजारी पडलं असेल. मुंबईला बिऱ्हाड हललं असेल आणि पुस्तक ट्रंकेत तळाशी गेलं असेल. नेणारं आज हयात नसेल, आणि घरातल्यांना ते आपलंच वाटत असेल. परत न्यायला लाजही वाटली असेल; वर्ष गेलं की लाज वाढते, दहा वर्षं गेली की ती ओलांडता येत नाही. पण त्या शनिवारपासून किती जणी खिडकीशी उभ्या राहून तिसरा मागून गेल्या असतील, आणि किती घरांत लक्ष्मीबाई दुसऱ्या भागाशी थांबल्या असतील, हे कुठल्याच वहीत नाही.

तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, दिवाणाच्या खणात, वडिलांच्या कपाटात एखाद्या वाचनालयाच्या शिक्क्याचं पुस्तक असेल. या रविवारी शोधा. धूळ पुसा, दोन दिवस कोवळं ऊन दाखवा आणि परत नेऊन द्या. गाव दूर असेल तर पोस्टानं पाठवा. दंड बहुधा कुणी मागणार नाही. मागितला तर भरा.

आमच्या वाचनालयातली ती जागा बाईंनी अजून रिकामी ठेवली आहे.